चार फूट रुंद: कांदाचाळीची कुळकथा

निफाड, येवला, चांदवड, देवळा, सटाणा, कळवण. नाशिक जिल्ह्यात या बाजूला कुठेही फिरा, शेताच्या बांधाला किंवा घराच्या मागच्या अंगाला एक लांबोडका, जाळीदार सांगाडा उभा दिसतो. त्याला भिंती नाहीत. लाकडी किंवा बांबूच्या पट्ट्यांमधून आरपार दिसतं, वर कौलं नाहीतर पत्रा आणि आत गच्च कांदा. नाशिकची ओळख सांगताना लोक द्राक्षं सांगतात, ओझरचा विमान कारखाना सांगतात, हल्ली वाइनही सांगतात. नासाडी रोखण्यासाठी या जिल्ह्याने उभं केलेलं सर्वांत हुशार बांधकाम मात्र ही कांदाचाळ आहे, असं माझं मत आहे. तिला ना मोटार, ना वीजबिल.

तिची गरज पिकाच्या वेळापत्रकातून आली. कांदा वर्षातून तीनदा निघतो. खरिपाचा पोळ, त्याच्या मागून रांगडा आणि डिसेंबर-जानेवारीत लावून एप्रिल-मेमध्ये काढायचा उन्हाळ. पहिल्या दोन्हींत पाणी जास्त, पत्ती पातळ. ते काढले की विकायचे. उन्हाळ कांदा टिकतो. देशात पिकणाऱ्या कांद्यापैकी साधारण ६० टक्के हाच असतो आणि मेपासून नवा पोळ येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, सगळ्या देशाला यावरच भागवावं लागतं. पीक येतं दीड-दोन महिन्यांत आणि खपतं पाच-सहा महिने. मधला काळ तो कुठेतरी ठेवावा लागतो, आणि हा काळ नेमका पावसाळ्याचा.

पूर्वी ठेवायचा म्हणजे झाडाखाली किंवा गोठ्याच्या आडोशाला जमिनीवर ढीग घालायचा आणि वरून उसाचं पाचट टाकायचं. वरून ढीग ठणठणीत दिसायचा. हात आत घातला की ऊब लागायची, आणि त्या उबेतच सगळं बिनसायचं. कांदा काढल्यावरही जिवंत असतो, श्वास घेतो, म्हणजे उष्णता आणि ओल बाहेर टाकतो. ढिगाच्या पोटातली ही ओलसर ऊब बाहेर पडायला वाट नसेल तर तिथे काजळी, म्हणजे काळी बुरशी, धरते, मग सड सुरू होते आणि एका कांद्याचं पाणी शेजारच्या दहांना लागतं. त्यातून वाचलेले पावसाळी हवेत कोंब काढतात. पाच-सहा महिन्यांत सड, कोंब आणि वजनातली घट मिळून ३०-४० टक्के माल जाणं ही सर्वसाधारण गोष्ट समजली जाई. वाईट वर्षी निम्माही जाई.

कांदाचाळीला एक बाप नाही. शेतकरी, अडते, निर्यातदार आणि संशोधक यांनी आपापल्या नुकसानीपायी ती थोडीथोडी घडवली. त्यातला निर्यातीचा धागा महत्त्वाचा आहे. १९७४ पासून कांद्याची निर्यात नाफेड या सहकारी पणन महासंघाच्या हातून होऊ लागली. बोटीवर चढवलेला कांदा परक्या बंदरात सडका निघाला तर पैसे आणि पत दोन्ही जातात. १९७७ साली नाफेड आणि तिच्याबरोबरच्या निर्यातदार संस्थांनी मिळून एक संशोधन प्रतिष्ठान काढलं. आज ते राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान म्हणून ओळखलं जातं आणि निफाड तालुक्यात चितेगाव फाट्यावर त्याचं केंद्र आहे. कांद्याच्या वाणांबरोबर साठवणुकीच्या चाळींवरही तिथे काम झालं. केंद्र सरकारचं कांदा-लसूण संशोधन केंद्रही १९९४ साली आधी नाशिकलाच सुरू झालं; १९९८ मध्ये ते पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला गेलं. चाचण्यांचं सार एका ओळीत सांगता येतं: हवा बाजूने येऊन भागत नाही, ती तळातून आली पाहिजे.

चाळीचं सगळं शरीर या एका वाक्यावर उभं आहे. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला आणि फटी ठेवून पट्ट्या मारलेला. आतला कांदा तापतो, गरम हवा वर चढते आणि तिच्या जागी खालच्या फटींतून ताजी हवा ओढली जाते. चुलीवरच्या धुराड्याचं तत्त्वच ते, फक्त इथे चूल म्हणजे कांदाच. रुंदी चार फूट, कारण याहून रुंद थर झाला की मधल्या कांद्यापर्यंत वारा पोचत नाही. उंची पाच फूट, कारण त्यावर रचलं तर खालचा कांदा वजनाने दबतो, आणि दबलेला कांदा सडीला आमंत्रण देतो. लांबी ४० फूट घेतली तर अशा एका कप्प्यात साधारण साडेबारा टन माल बसतो. मध्ये ये-जा करायला वाट सोडून असे दोन कप्पे एका छपराखाली घेतले की झाली २५ टनांची दुपाखी चाळ. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधायची, दुपाखी पूर्व-पश्चिम. छप्पर बाजूंनी पुढे काढायचं, म्हणजे पावसाची झड आत येत नाही आणि उतरतं ऊन कांद्यावर पडत नाही. कौलं सगळ्यांत चांगली, पत्रा तापतो.

हे माप न पाळलेल्या चाळी गावोगाव दिसतात. जागा वाया जाते म्हणून कोणी रुंदी सहा फूट करतो, बाजार चढेल या आशेने कोणी सात फूट थर लावतो. पट्टी, पत्रा आणि मजुरी वाचवली असं त्याला वाटतं, आणि ऑगस्टात मधल्या भागातून पाणी गळू लागतं.

शहरातल्या माणसाला इथे हमखास प्रश्न पडतो: एवढा खटाटोप कशाला, शीतगृह का नाही? उत्तर गमतीचं आहे. कांद्याला कोंब फुटतात ते मधल्या थंडाव्यात, साधारण १० ते २० अंशांच्या आसपास सगळ्यांत जास्त. शून्य ते दोन अंशांना तो गप्प राहतो आणि २५ ते ३० अंशांनाही बऱ्यापैकी गप्प राहतो, हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास असली तर. म्हणजे मधल्या तापमानाच्या शीतगृहात टाकलेला कांदा चाळीपेक्षा लवकर कोंब काढेल. शून्य अंशांची सोय करायची तर वीज लागते, आणि बाहेर काढल्यावर तो कांदा भराभर विकावा लागतो. नाशिकच्या पावसाळ्यात २५ ते ३० अंशांच्या आसपासचं तापमान फुकट मिळतं. चाळीने विजेशी स्पर्धा केली नाही. जे हवामान आहे तेच वापरून घेतलं.

पण चाळ आयत्या वेळी काही वाचवत नाही. अर्धी लढाई शेतातच जिंकलेली किंवा हरलेली असते. लागवडीनंतर दोन महिने उलटले की युरिया बंद. फुगवटीच्या मोहाने उशिरा दिलेल्या नत्राने कांदा दिसतो मोठा, टिकतो कमी. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं. निम्म्या पातीच्या माना पडल्या की काढणी. मग तीन-चार दिवस पातीसकट शेतातच, एकाची पात दुसऱ्याच्या अंगावर येईल असा पसरायचा. नंतर खांडणी. बायका ओळीने बसून विळ्याने पात कापतात आणि इंच-दीड इंच मान ठेवतात. ही मान पिळवटून वाळली की आत जायचं दार बंद झालं. अगदी मुळाशी कापली तर जखम उघडी राहते आणि काजळी तिथूनच शिरते. खांडणीवर मजुरी वाचवायला जाणारा माणूस चाळीत त्याच्या कितीतरी पट गमावतो. त्यानंतर सावलीत दहा-बारा दिवस सुकवण आणि निवड. जोड कांदा, डेंगळे आलेला, चिरलेला, चिंगळी हे सगळं बाजूला काढून लगेच विकायचं. पिंपळगाव बसवंतच्या केंद्रात निवडलेलं एन-२-४-१ हे वाण आजही उन्हाळ कांद्यासाठी नाव राखून आहे, ते याच टिकाऊपणामुळे.

आता पैशाचं. चाळीत भरलेला कांदा ही गुंतवणूकच असते, आणि बऱ्याच घरांत वर्षाची सगळ्यांत मोठी. धरून चालू की मेमध्ये भाव क्विंटलला १,२०० रुपये आहे आणि घरात १०० क्विंटल कांदा आहे. आज विकला तर १,२०,००० रुपये. ऑक्टोबरपर्यंत ठेवला आणि ३५ टक्के घट आली तर हातात राहतात ६५ क्विंटल. शेकडा १२ व्याजाने पाच महिन्यांचे ६,००० रुपये धरले तर १,२६,००० रुपये त्या ६५ क्विंटलमधून निघाले पाहिजेत. म्हणजे भाव हवा १,९३८ रुपये, तेव्हा कुठे बरोबरी. भरण्याची, निवडण्याची मजुरी अजून धरलेलीच नाही. आता घट ३५ ऐवजी २५ टक्क्यांवर आणा. बरोबरीचा भाव १,६८० वर येतो. चार फुटांची रुंदी, दीड इंचाची मान आणि वेळेवर तोडलेलं पाणी यांची किंमत ही अशी: क्विंटलमागे २५८ रुपये. लिलावात पाच-दहा रुपयांसाठी आपण भांडतो. हे अडीचशे आपल्याच मागच्या अंगणात पडलेले असतात.

सरकारलाही हे पटलं. कृषी पणन मंडळामार्फत पाच ते २५ टनांच्या चाळींना अनुदान मिळू लागलं; एका टप्प्यावर ते खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त टनाला ३,५०० रुपये होतं. ठरलेल्या आराखड्याप्रमाणे बांधली तरच पैसे, ही अट फार उपयोगाची ठरली. चार-पाच फुटांचं माप कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेतून गावच्या सुतारापर्यंत पोचलं ते या अटीमुळे.

मोठ्या तंत्रज्ञानानेही मधून मधून हात लावून पाहिला. २००२ साली कांद्याची मोठी बाजारपेठ असलेल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प सुरू झाला. कोबाल्ट-६० च्या किरणांची ६० ते ९० ग्रे इतकी अल्प मात्रा दिली की कांद्याला कोंब फुटत नाही. पण कोंब थांबला तरी सड आणि वजनातली घट राहतेच, आणि विकिरण काढणीनंतर कांदा झोपेत असतानाच करावं लागतं; म्हणजे हंगामात चाळीवरून गाडीत, गाडीतून प्रकल्पात आणि पुन्हा साठवणीत. टनावारी कांद्याला ही वाहतूक झेपत नाही. २००७ मध्ये हिंदुस्थानी आंबा अमेरिकेत गेला तो मात्र याच लासलगावच्या प्रकल्पातून. कांद्याच्या गावात उभारलेल्या यंत्राने नाव कमावलं हापूसवर!

अलीकडे संगणकही चाळीत उतरला आहे. लासलगावच्याच कल्याणी शिंदे यांनी ‘गोदाम इनोव्हेशन्स’ या नवउद्योगातून चाळीत बसवायचं संवेदक यंत्र आणलं. तापमान, आर्द्रता आणि सडू लागलेल्या कांद्यातून सुटणारा वायू यांवर ते लक्ष ठेवतं आणि नासाडी वास येण्याआधीच कळवतं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही कांदा साठवणुकीच्या तंत्रासाठी देशभर खुलं आव्हान जाहीर केलं. मला यात खरा फायदा दिसतो, पण तो जाहिरातीत सांगतात तिथे नाही. थराच्या पोटातला सडका कांदा इशारा मिळाला म्हणून उपसून काढता येत नाही. त्यासाठी चाळ फोडावी लागते. यंत्र सांगतं ते इतकंच की आता थांबू नका, विका. पूर्वी हे म्हातारा माणूस संध्याकाळी चाळीपाशी उभा राहून नाकाने सांगायचा, फक्त त्याला आठ-दहा दिवस उशिरा कळायचं. ते आठ-दहा दिवस हीच या यंत्राची किंमत.

आणि तरीही वाचवलेला कांदा वाचतोच असं नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, चाळी भरलेल्या असताना, निर्यातीवर अचानक ४० टक्के शुल्क लागलं. लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, आणि पुढे डिसेंबरात निर्यातच थांबवली ती २०२४ च्या मेपर्यंत. शहरांत भाव चढू नये म्हणून घेतलेल्या निर्णयाने चाळीतला माणूस पुन्हा त्याच पेचात सापडतो: पडत्या भावात विका किंवा सडताना पाहा. काजळीवर उपाय आहे, फटी आहेत, मापं आहेत. अवेळी आलेल्या अधिसूचनेवर चाळीत काहीच इलाज नाही, आणि माझ्या मते आजच्या नासाडीतला हा वाटा काजळीपेक्षा लहान नाही.

ज्यांच्या घरी चाळ आहे त्यांना एक विनंती. अनुदान क्षमतेवर मिळतं, म्हणजे किती टन मावतो त्यावर. किती बाहेर निघाला ते त्या कागदात येत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये भरताना प्रत्येक कप्प्याचं वजन वहीत लिहा, वाण आणि खांडणीची तारीख लिहा, आणि चाळ फोडाल त्या दिवशी पुन्हा वजन करा. तीन हंगामांच्या अशा नोंदी असल्या तर कोणत्या वाणाला किती दिवस थांबायचं हे तुम्हाला अडत्याला विचारावं लागणार नाही.