माळ्यावरच्या कॅसेट, कपाटातल्या सीडी आणि आपल्या माणसांचे आवाज



आपल्या बडोद्यात हल्ली चार मराठी घरची माणसं एकत्र आली की एक विषय हमखास निघतो. "लग्नाची कॅसेट आहे हो, पण लावायची कशावर?" "मुंजीची सीडी आहे, पण नव्या लॅपटॉपला ती घालायची जागाच नाही." "मुलाने सगळं हार्ड डिस्कवर घेतलंय, आता जुनं भंगारात द्यायचं ना?" मी कॉमर्सचा माणूस, इंजिनियर नव्हे. पण बँकेत उभा जन्म जुनी रेकॉर्ड सांभाळण्यात गेला, त्यामुळे हा विषय मला जवळचा वाटतो. म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो आणि मग नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं देतो.

चित्र फितीवर साठवणारं पहिलं कामचलाऊ नव्हे, तर खरोखर वापरता येण्याजोगं यंत्र अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने १९५६ साली आणलं. ते कपाटाएवढं होतं आणि फक्त टीव्ही केंद्रांनाच परवडणारं. त्याच वर्षी आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली. तिच्यात ५० मोठ्या तबकड्या होत्या आणि सगळ्यांत मिळून मावत होतं जेमतेम ५ एमबी, म्हणजे आज मोबाइलने काढलेला एखादा चांगला फोटो!

घरात आणता येईल अशी फीत यायला आणखी वीस वर्षं लागली. सोनीने १९७५ साली बीटामॅक्स आणली आणि जेव्हीसीने १९७६ साली व्हीएचएस. बीटामॅक्सचं चित्र थोडं सरस मानत, पण सुरुवातीच्या कॅसेटवर एकच तास मावायचा, तर व्हीएचएसवर दोन. लोकांना अख्खा सिनेमा एका कॅसेटवर हवा होता. बाजार व्हीएचएसने मारला.

आपल्याकडे १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं, एशियाड झालं आणि त्यापाठोपाठ व्हीसीआर घरोघरी शिरला. घरोघरी म्हणजे विकत फार थोड्यांनी घेतला, बाकीच्यांनी भाड्याने आणला. एका रात्रीत तीन सिनेमे, अख्खी पोळ एका खोलीत, अधूनमधून चहा. मग लग्नांत खांद्यावर कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला आला. त्याच्या झगझगीत दिव्यापुढे डोळे बारीक करून अक्षता टाकणारे आपले काका-मामा अजूनही त्या फितींवर आहेत.

पुढचा बदल भराभर झाला. १९९३ साली व्हीसीडीचं मानक ठरलं. एका तबकडीवर ७४ मिनिटं, म्हणून एका लग्नाच्या तीन-चार सीडी व्हायच्या. १९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी विक्रीला आली. तिच्यात ४.७ जीबी मावतात आणि चित्र व्हीसीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ. २००० च्या सुमारास पेन ड्राइव्ह आला आणि २००६ साली ब्लू-रे. आता निरोपाच्या तारखा पाहा. बीटामॅक्सच्या कॅसेट मार्च २०१६ मध्ये बंद झाल्या. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनेही त्याच वर्षी जुलैत काम थांबवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे तबकड्या आणि मिनी-डीव्ही कॅसेट बनवणं थांबवलं.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. फीत किंवा तबकडी अजून ठीक असते, पण ती वाजवणारं यंत्र आधी जातं. तेव्हा "आमची कॅसेट अगदी जपून ठेवली आहे" एवढ्याने भागत नाही.

आता प्रश्नांकडे वळू.

कॅसेट अजून चालेल का? बहुतेक वेळा चालते, पण आधी झाकण उघडून फीत बघा. पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. यंत्राचं हेड खराब होतं, फीत अडकून तुटते आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. अशी कॅसेट जाणकाराकडेच द्यावी. आणि कॅसेट उतरवून घेण्यात घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे आपली कॅसेट का लागत नव्हती? कारण आपली पद्धत पाल, त्यांची एनटीएससी. तिथे चित्रातल्या ओळी आणि सेकंदाला येणाऱ्या चित्रांची संख्या वेगळी. विकतच्या सिनेमाच्या डीव्हीडीला तर वर विभागाचं कुलूप, अमेरिकेचा विभाग १ आणि भारताचा ५. घरच्या लग्नाच्या डीव्हीडीला ते कुलूप नसतं. तिची एकदा संगणकावर फाइल झाली की हे सगळे तंटे मिटतात.

सीडी-डीव्हीडी अमर का नाही? घरी किंवा दुकानात लिहिलेल्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उष्णता त्याला मारतात. आपल्या बडोद्याचा मे महिना आणि माळा, हे दोन्ही तिचे वैरी. सीडीची माहिती नावाच्या बाजूला अगदी पातळ थराखाली असते, त्यामुळे तिथला ओरखडा जास्त घातक. वर कागदी लेबल चिकटवू नका.

एक टीबीची हार्ड डिस्क घेतली, संगणक ९३१ जीबीच दाखवतो. फसवलं का? नाही. कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने. हिशेबात तूट नाही, माप वेगळं आहे.

मोठी फाइल पेन ड्राइव्हवर का जात नाही? तो फॅट-३२ पद्धतीने तयार केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल तो घेत नाही. तो एक्स-फॅट पद्धतीने फॉरमॅट करावा, पण आधी आतलं दुसरीकडे काढून घ्या, कारण फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं. आणि पेन ड्राइव्ह हे ने-आण करायचं साधन आहे, तिजोरी नव्हे.

व्हॉट्सॲपवर पाठवलं की झालं ना जतन? नाही. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान करतो, चेहरे पुसट होतात. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ फाइल घरी ठेवाच.

सगळं एका हार्ड डिस्कवर आहे, पुरेल? बँकेत आम्ही एकाच वहीवर कधी विसंबलो नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी किंवा इंटरनेटवरच्या साठवणुकीत, हा जगभर मानलेला नियम आहे. विश्वामित्रीचं पाणी २०१९ च्या जुलैअखेर आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर आपल्या शहरात कसं शिरलं ते वेगळं सांगायला नको. मूळ कॅसेट, सीडी आणि हार्ड डिस्क तिन्ही एकाच कपाटाच्या खालच्या खणात असतील तर ती एकच प्रत समजा. मुदत ठेवीची पावती मुदत भरली की आपण नवी करतो ना? तसंच दर पाच-सात वर्षांनी हे सगळं नव्या डिस्कवर घ्यायचं, आणि वर्षातून एकदा लावून बघायचं.

आता एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग करताना शूटिंगवाले मूळ आवाज काढून वर सिनेमाची गाणी टाकत. मंगलाष्टका, उखाणे, आजीचं रागावणं, सगळं त्या गाण्यांखाली गेलं. पण काही घरांत मिक्सिंग न केलेली मूळ कॅसेटही परत मिळालेली असते. ती आधी शोधा. तिच्यात आवाज आहेत.

हे आवाज महत्त्वाचे का? आपली बडोद्याची मराठी, गुजराती शब्द सहज मिसळलेली, पोळीतल्या आज्यांच्या तोंडची, कुठल्या पुस्तकात फारशी सापडत नाही. आपली नातवंडं गुजराती आणि इंग्रजीत वाढली. पणजी कशी बोलायची, हे त्यांना ऐकवायला तुमच्या माळ्यावरच्या त्या काळ्या डब्याशिवाय दुसरं काही उरलेलं नाही.

आणि गेलेलं परत येत नाही. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. दादासाहेब फाळके महाराज सयाजीरावांच्या आपल्या कलाभवनात शिकले. त्यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा आज पूर्ण पाहायला मिळत नाही. एवढ्या नामवंत चित्रपटांची ही गत, तर आपल्या घरच्या कॅसेटला कोण विचारणार? ती आपणच सांभाळायची.

म्हणून सांगणं एवढंच. येत्या दिवाळीत माळा आवराल तेव्हा कॅसेट रद्दीवाल्याला देऊ नका. यादी करा, कोणतं कार्य, कोणतं साल. उतरवून झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून लावा आणि ते नावं सांगतील तशी लिहून घ्या. ही कोण, तो कुणाचा मुलगा, मागे पगडी घालून बसलेले कोण. चित्र राहिलं आणि नावं गेली, तर पुढच्या पिढीसाठी ती अनोळखी माणसांची गर्दीच. ओळखणारी माणसं आज घरात आहेत, तोवर हे काम उरकून घ्या.