ध्वनिमुद्रिकांची वेष्टने : स्थानिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

ग्रामोफोनच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच गायकाकडे, गीताकडे आणि तबकडीवरील क्रमांकाकडे जाते. तबकडी ज्या कागदी वेष्टनातून विकली जाई, ते वेष्टन मात्र टाकाऊ मानले गेले. वस्तुतः ध्वनिमुद्रिका कोणी गायिली हे लेबल सांगते. ती कोणासाठी होती, कोणत्या यंत्रावर वाजवायची होती आणि कोणत्या बाजारपेठेतून घरात आली, हे सांगण्याचे सामर्थ्य वेष्टनात आहे. वसई-विरारसारख्या मुंबईलगतच्या प्रदेशाच्या सांस्कृतिक इतिहासाला या साधनाचा विशेष उपयोग होण्यासारखा आहे.

हिंदुस्थानातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ मध्ये कलकत्त्यास झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यांनी तेथे गौहर जान प्रभृतींचे गायन मुद्रित केले. त्या तबकड्या सात व दहा इंची, एकाच बाजूस मुद्रित आणि जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार झालेल्या होत्या. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना निघाल्यावर तबकड्या येथेच तयार होऊ लागल्या. पुढे हे काम डमडम येथे गेले. लाखेच्या या तबकड्या ठिसूळ असत, त्यामुळे वेष्टन हे प्रथमतः संरक्षणाचे साधन होते. लेबल वाचता यावे म्हणून त्याच्या मध्यभागी गोल छिद्र ठेवीत. भोवतालच्या मोकळ्या कागदावर पुढे कंपनीचे बोधचिन्ह, यंत्रांच्या जाहिराती आणि ग्राहकास सूचना छापल्या जाऊ लागल्या. प्रत्येक सुई एकदाच वापरावी, ही त्यांतील सर्वपरिचित सूचना होय. पोलादी सुई एका बाजूच्या वादनातच झिजे आणि झिजलेली सुई तबकडीची रेघ खराब करी. म्हणजे सूचना यथार्थ होती; पण तिच्यामुळे सुयांचा खपही वाढत असे.

अशा वेष्टनाचा गीताशी संबंध नसे. अभंग असो, नाट्यगीत असो वा अन्य भाषेतील गाणे असो, पाकीट कंपनीचेच. शिंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे फ्रान्सिस बॅरो यांचे चित्र ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये विकत घेतले होते. ते कालांतराने मराठी घरांत इतके परिचित झाले की अक्षरओळख नसलेल्या मनुष्यासही ‘कुत्रा छाप’ तबकडी ओळखता येई. वेष्टनाने येथे व्यापारचिन्हाचे कार्य केले.

या परकीय वर्चस्वास मुंबईतून मिळालेले उत्तरही लक्षणीय आहे. १९३५ मध्ये नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना वडाळ्यास होता आणि तिच्या तबकड्या ‘यंग इंडिया’ या नावाने निघत. स्वराज्याच्या चळवळीच्या काळात निवडलेले हे नाव केवळ व्यापारी नव्हते, हे उघड आहे. कोणते पाकीट घरी न्यावे, ही निवडदेखील अशा वेळी काहीशी राजकीय ठरते.

दुसरे स्थित्यंतर व्हिनाइलचे. अमेरिकेत १९४८ मध्ये दीर्घवादी तबकडी आणि १९४९ मध्ये पंचेचाळीस फेऱ्यांची सात इंची तबकडी प्रचारात आली. भारतात त्यांचा प्रसार १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून झाला. सात इंची तबकडीचे दोन प्रकार होते. दोन गाण्यांची तबकडी बहुधा कंपनीच्या छिद्रयुक्त कागदी पाकिटात येई; चार गाण्यांच्या ईपीला मात्र सचित्र पुठ्ठ्याचे वेष्टन मिळे. येथे मराठी भावगीतास, नाट्यगीतास व चित्रपटगीतास प्रथमच स्वतःचा दर्शनी चेहरा लाभला. गायकाबरोबर कवी व संगीतकार यांची नावे ठळकपणे दिसू लागली. यंत्रातही फरक पडला. चावीच्या ग्रामोफोनची जड सुई व्हिनाइलची रेघ नष्ट करी. त्यामुळे विजेवर वा बॅटरीवर चालणारा हलक्या सुईचा प्लेअर आवश्यक झाला. म्हणून एखाद्या घरातील पाकिटांचा संच पाहिला असता त्या घरात नवे यंत्र केव्हा आले याचा अदमास बांधता येतो.

आता वसईचा विचार करू जाता, या भागाचा मुंबईशी संबंध रेल्वेने घडविला आहे. विरारहून मुंबईस गाडी १८६७ मध्ये सुरू झाली आणि विजेच्या गाड्या १९३६ मध्ये विरारपर्यंत आल्या. केळी, भाजी, फुले व विड्याची पाने मुंबईस जात; परतीच्या गाडीतून शहरातील वस्तू येत. तबकडीसारखी नाजूक वस्तू या मार्गाने हाती धरूनच आणावी लागे. वेष्टनावरील विक्रेत्याचा शिक्का, त्यावरील पेठेचे नाव, कोपऱ्यात शाईने लिहिलेले मालकाचे नाव वा तारीख, ही चिन्हे या प्रवासाचे पुरावे होत. वाडवळ, सामवेदी ख्रिस्ती, कोळी, गुजराती अशा विविध समाजांच्या घरांत काय ऐकले जाई, याचे उत्तर कंपनीच्या सूचीत मिळणार नाही. सूची विक्रीस काय होते तेवढेच सांगते.

या पुराव्यास मर्यादाही आहेत. पाकिटे सहज अदलाबदल होतात. फाटलेल्या पाकिटातील तबकडी दुसऱ्यात घातली जाते. म्हणून केवळ वेष्टनावरून तबकडीचा काळ ठरविणे धोक्याचे आहे. तबकडीचा क्रमांक, लेबल व वेष्टन यांचा मेळ बसेल तेव्हाच निष्कर्ष ग्राह्य मानावा. मेळ न बसल्यास शिक्का पाकिटापुरता खरा मानावा, आतील तबकडीपुरता नव्हे.

१९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेमुळे तबकड्यांचे मोल ध्यानात आले. वेष्टनांच्या बाबतीत मात्र काळ प्रतिकूल आहे. खाडी व समुद्र यांनी वेढलेल्या वसईत पावसाळ्यातील दमट हवा कागदास प्रथम ग्रासते. वाळवी, बुरशी आणि जुनी घरे पाडताना होणारी झाडाझडती यांतून तबकडी एक वेळ वाचेल, पाकीट वाचत नाही. गाणे अन्य प्रतीवरून पुन्हा ऐकता येईल. पण ते अमुक गावच्या अमुक घरात वाजत होते, ही नोंद एकाच कागदावर असते. तो गेला की तिची दुसरी प्रत कोठेही नसते. तेव्हा तबकडी जतन करणाराने तिचे पाकीटही, फाटके असले तरी, तिच्यासोबतच नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे.