ओतीव लोखंडाचा जीर्णोद्धार

मोटारगाडीच्या इतिहासांतील १९६४ पासून सुमारें १९७२ पर्यंतचीं आठ-नऊ वर्षें अमेरिकन लोक अद्याप विसरलेले नाहींत. मध्यम आकाराच्या, फारशा महाग नसलेल्या गाडींत मोठ्या गाडीचें दांडगें इंजिन बसवावयाचें आणि ती तरुणांस विकावयाची, असा तो काळ होता. या गाड्यांना ‘मसल कार’ म्हणजे पिळदार अंगाची गाडी असें नांव पडलें. त्यांतील पुष्कळशा गाड्या केव्हांच मोडींत गेल्या. ज्या उरल्या त्यांचीं इंजिनें आतां पन्नास-साठ वर्षांचीं झालीं आहेत. आणि तीं उघडून, घासूनपुसून, पुन्हां जोडून रंगविण्याचा उद्योग तेथील अनेक गृहस्थ आपल्या घरच्या मोटारखान्यांत करीत असतात. याला नुसता छंद म्हणणें पुरेसें नाहीं. जुनी वस्तु दुरुस्त करतांना तिचा इतिहास राखावा कीं आपल्या हातचा ठसा तिजवर उमटवावा, हा जीर्णोद्धाराचा जो जुनाच तंटा, तोच येथें लोखंड, तेल आणि रंग यांच्या रूपानें उभा राहतो.

तो समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. १९३२ सालीं हेन्री फोर्डनें आठ सिलिंडरांचें, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचें इंजिन सामान्य माणसाच्या गाडींत बसविलें. तोंपर्यंत असलें इंजिन बहुधा श्रीमंतांच्याच गाड्यांत असे. फोर्डनें सिलिंडरांच्या दोन्ही रांगा आणि खालचें कवच मिळून एकच ओतीव ब्लॉक तयार केला, त्यामुळें तें स्वस्त झालें. २२१ घन इंचांच्या त्या इंजिनाची शक्ति ६५ अश्वशक्ति होती. पुढें या गाड्या जुन्या बाजारांत थोडक्या डॉलरांत मिळूं लागल्या, तेव्हां दक्षिण कॅलिफोर्नियांतील पोरांनीं त्या घेतल्या, चिखलरोधक पंखे काढून फेकले, इंजिनें उघडून त्यांत नाना फेरफार केले, आणि म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट भूमीवर त्या पळविल्या. १९३७ सालीं या मंडळींनीं आपली रीतसर संस्थाहि स्थापिली. विक एडेलब्रॉक यांनीं कार्ब्युरेटरपासून सिलिंडरांपर्यंत वायु नेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घडविल्या. एड इस्केंडेरियन यांनीं व्हॉल्व उघडणारे कॅमशाफ्ट घांसून दिले. पहिल्या प्रयोगांना प्रयोगशाळा नव्हती. परसांतील छप्पर होतें.

महायुद्ध संपल्यावर विमानांच्या व रणगाड्यांच्या दुरुस्तींत हात बसलेले तरुण घरीं परतले आणि या नादास नवें बळ आलें. १९४८ च्या जानेवारींत रॉबर्ट पीटर्सन यांनीं ‘हॉट रॉड’ हें मासिक काढलें. घरच्या घरीं इंजिन कसें उघडावें याचें शिक्षण पुष्कळांस अशा छापील पानांवरून मिळालें.

कारखानदारांचें या सर्वांकडे लक्ष होतेंच. १९४९ सालीं ओल्ड्समोबीलनें वरच्या व्हॉल्वचें ३०३ घन इंचांचें इंजिन आणलें, १९५५ सालीं शेव्हरलेटनें आपलें सुप्रसिद्ध लहान व्ही-आठ इंजिन काढलें, आणि मग शक्तीची स्पर्धाच सुरू झाली. परंतु मसल कारचा जन्म सांगावयाचा तर पाँटियाकचीच हकीकत सांगितली पाहिजे. १९६३ च्या आरंभीं जनरल मोटर्सनें आपल्या सर्व शाखांना शर्यतींतून अंग काढून घेण्यास फर्माविलें. मध्यम गाडींत ३३० घन इंचांहून मोठें इंजिन घालावयाचें नाहीं, असाहि त्यांचा दंडक होता. पाँटियाकच्या जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सोबत्यांनीं एक कायदेशीर पळवाट काढली. नवीन गाडी न काढतां, टेंपेस्ट नांवाच्या चालू गाडीबरोबर मागणीवरून मिळणारें जादा सामान म्हणून त्यांनीं ३८९ घन इंचांचें, ३२५ अश्वशक्तीचें इंजिन देऊं केलें आणि त्यास ‘जी.टी.ओ.’ असें नांव दिलें. पांच हजार गाड्या खपतील असा अदमास होता. पहिल्याच वर्षीं ३२,४५० खपल्या! मग दंडक कोण पाळतो? १९६६ मध्यें क्रायस्लरनें ४२६ घन इंचांचें ‘हेमी’ इंजिन रस्त्यावरच्या गाडींत घातलें. त्याची कागदोपत्रीं शक्ति ४२५ होती. लहान गाडींत मोठें इंजिन कोंबण्याची ही युक्ति परसांतल्या पोरांनीं कधींच करून पाहिली होती. कारखान्यांनीं तीच, हमीपत्र जोडून, पुन्हां त्यांनाच विकली.

ऱ्हास लवकर आला. विमा महाग झाला, १९७० सालीं स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला, शिसें कमी असलेल्या पेट्रोलसाठीं इंजिनांतील दाब उतरविण्यांत आला, आणि १९७३ च्या तेलसंकटानें उरलेंसुरलें संपविलें.

आतां प्रत्यक्ष जीर्णोद्धाराकडे वळूं. शेव्हरलेटचें इंजिन ‘लहान’ म्हणावयाचें, पण तें अडीचशें किलोच्या वर भरतें. तें चेनपुलीनें उचलून एका फिरत्या चौकटीवर चढवितात. उघडतांना कोणता भाग कोठून निघाला याची नोंद ठेवणें हें या कामांतील पहिलें व्रत होय. क्रँकशाफ्ट धरणाऱ्या टोप्या ब्लॉकवर बसवूनच कारखान्यांत त्यांचें भोंक कातलेलें असतें. त्यांची अदलाबदल झाली कीं तें भोंक गोल राहत नाहीं. सगळेंच काम घरीं होतें असेंहि नाहीं. झिजलेला सिलिंडर वरच्या अंगास अधिक रुंद व किंचित् लंबगोल झालेला असतो. तो यंत्रशाळेंत नेऊन बोअर करून घ्यावा लागतो. बहुधा तीस हजारांश इंच वाढवितात. चार इंचांचा व्यास ४.०३० होतो, ३५० घन इंचांचें इंजिन ३५५ चें होतें, आणि मोठे पिस्टन घालावे लागतात. शेवटीं सिलिंडरच्या भिंतीवर एकमेकींस छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम पाडतात, कारण अगदीं गुळगुळीत भिंतीवर तेल ठरत नाहीं.

घरीं करावयाचें काम मात्र खरें कसोटीचें. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्यें सुमारें दोन-अडीच हजारांश इंच, म्हणजे माणसाच्या केसाएवढें, अंतर असावें लागतें. तें मोजण्याची रीत मोठी गमतीची आहे. मऊ प्लास्टिकचा एक दोरा मध्यें ठेवून टोपी जोर मोजणाऱ्या पान्यानें पूर्ण आवळतात, मग पुन्हां सोडून तो दोरा किती चेपला हें पट्टीवर पाहतात. जास्त चेपला तर अंतर कमी, कमी चेपला तर अंतर जास्त. लाखाच्या यंत्रांचा निवाडा एका दोऱ्यावर! शिशाच्या पेट्रोलवर चाललेल्या जुन्या सिलिंडर हेडांत व्हॉल्वच्या बैठकी मऊ लोखंडाच्या असतात. शिशाचा थर त्यांचें रक्षण करी. अमेरिकेंत रस्त्यावरच्या गाड्यांसाठीं तें पेट्रोल १९९६ पासून पूर्ण बंद झालें. म्हणून कठीण धातूच्या बैठकी बसवून घेणें शहाणपणाचें ठरतें.

यांत इतिहासाचा प्रश्न एका बोटभर जागेवर येऊन ठेपतो. शेव्हरलेटच्या ब्लॉकवर पुढें उजवीकडे, सिलिंडर हेडच्या लगत, एक सपाट पट्टी असते. इंजिन कोणत्या कारखान्यांत, कोणत्या दिवशीं, कोणत्या गाडीसाठीं जुळलें याच्या खुणा तीवर ठोकलेल्या असतात. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथें गाडीच्या क्रमांकाचा अंशहि येऊं लागला. हा त्या इंजिनाचा जन्मदाखला. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग वांकडा झाला असेल तर तो यंत्रावर छाटणें योग्य, पण ही पट्टी त्याच पातळींत असल्यामुळें त्याच एका कातीनें दाखला पुसला जातो. इंजिन नवें होतें, आणि निनांवी होतें. जुळत्या क्रमांकाच्या गाडीस किंमत फार अधिक येते. म्हणून खोटे आंकडे ठोकणारेहि निघाले, आणि पट्टीवरील मूळ कातकामाच्या सूक्ष्म रेघा भिंगाखालीं तपासणारेहि निघाले.

रंगाचा वाद याच वादाचें दुसरें अंग आहे. कारखान्यांनीं आपापले रंग ठरविलेले होते. शेव्हरलेटचा नारिंगी, पाँटियाकचा निळा, १९६६ पासून फोर्डचाहि निळा, आणि हेमीचा तो प्रसिद्ध तांबूस नारिंगी. पण कारखान्यांतलें रंगकाम म्हणजे निव्वळ घाई. जोडलेल्या इंजिनावर भरभर फवारा मारीत. तो गॅस्केटच्या कडांवर आणि धूर नेणाऱ्या लोखंडी नळांवरहि उडे, आणि गाडी चालूं लागली कीं नळांवरचा जळून जाई. मूळ स्वरूपाचे कट्टर अभिमानी आज ती घाईसुद्धां मोठ्या निगुतीनें पुन्हां काढतात. जेथें मजुराचा फवारा चुकला होता तेथें हे नेमका चुकवितात. यास हंसावें कीं वाखाणावें? महाराष्ट्रांत काळ्या दगडाच्या देवळांस जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं तैलरंग फांसलेले ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस निदान हंसूं तरी येणार नाहीं.

दुसरा पक्ष म्हणतो, इंजिन आमचें, रंग आमचा. कोणी गाडीच्या अंगाशीं जुळणारा गडद लाल देतो, कोणी धातूच्या चमकत्या कणांचा थर देतो. त्यांनाहि परंपरा आहेच. जॉर्ज बॅरिस आणि व्हॉन डच या कॅलिफोर्नियाच्या कारागिरांनीं १९५० नंतरच्या दशकांत असल्या मनस्वी रंगकामाची कला करून सोडली होती. शिवाय, ज्या परसांतून हीं इंजिनें मुळांत उगवलीं तेथें कारखान्याचा रंग राखण्याचा विधि कोणी पाळीत नव्हतें. तेव्हां निवाडा त्या बोटभर पट्टीवर सोपविणेंच न्यायाचें दिसतें. जिचे मूळ आंकडे शाबूत आहेत त्या दुर्मिळ इंजिनास कारखान्याचाच रंग द्यावा. ज्याचा दाखला पूर्वींच पुसला गेला आहे, किंवा जें लाखों भावंडांपैकीं एक आहे, त्यास मालकानें हवा तो द्यावा. त्यानें इतिहासाचें कांहीं हरण होत नाहीं.

रंग कोणताहि असो, पद्धति एकच. तेलाचा अंशहि राहतां कामा नये, नाहींतर पहिल्या तापांतच रंगाचे पापुद्रे निघतात. जोडाचे कातीव पृष्ठभाग झांकून ठेवावे, कारण रंगाचा जाड थर बोल्टखालीं चेपला कीं बोल्ट सैल पडतो. इंजिनाचा साधा रंग सुमारें २६० अंश सेंटिग्रेड सोसतो. धूर नेणाऱ्या नळांस साडेसहाशें अंश सोसणारा वेगळा रंग लागतो. एका जाड थरापेक्षां दोन-तीन पातळ थर बरे.

मग सुरू करण्याचा दिवस. आधीं ड्रिल लावून तेलाचा पंप फिरवितात, म्हणजे कोरडें बेअरिंग घांसत नाहीं. नवा जुन्या पद्धतीचा कॅमशाफ्ट असेल तर इंजिन पेटल्याबरोबर मिनिटास सुमारें दोन हजार फेऱ्यांवर वीस ते तीस मिनिटें सलग चालवावें लागतें; मंद ठेवलें तर कॅम तेवढ्यांतच खाल्ला जातो. तेलहि जस्तयुक्त घालावें लागतें, कारण हल्लींच्या तेलांत जस्त कमी असतें. नव्या रंगाचा वास सुटतो, थोडा धूर निघतो, त्यानें घाबरून कोणी इंजिन बंद करीत नाहीं. नंतर तें गरम तेल काढून टाकतात, गाळणी कापून तिच्या घड्या उलगडतात, आणि त्यांत लोखंडाचा चुरा चमकतो कीं काय तें उजेडांत धरून पाहतात.