पुलिकतचे डच अवशेष

वेंगुर्ल्याच्या पडक्या वखारीमुळे डचांचे नाव मराठी वाचकास परके नाही. मात्र सतराव्या शतकात चोळमंडल किनाऱ्यावरील त्यांच्या व्यापाराचे मुख्य ठाणे होते ते पुलिकत. तमिळ भाषेत त्यास पळवेर्काडु म्हणतात. चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरांवर, विस्तीर्ण खाजणाच्या काठी हे गाव वसले आहे.

विजयनगरचा राजा दुसरा वेंकट याने १६१० मध्ये डचांना येथे व्यापाराची परवानगी दिली. १६१२ मध्ये सान्थोमच्या पोर्तुगिजांनी त्यांची वखार उद्ध्वस्त केली. तेव्हा १६१३ मध्ये तटबंदी उभी राहिली. हाच गेल्ड्रिया किल्ला. डच अधिकारी व्हान बेर्खेम याच्या गेल्डरलँड या प्रांतावरून त्यास हे नाव मिळाले. या बांधकामाचे मूळ व्यापारात होते, तसेच भयातही. येथील विणकरांचे कापड पूर्वेकडील बेटांवर न्यावे आणि त्याच्या मोबदल्यात मसाले घ्यावेत, हा त्यांचा क्रम होता. किल्ल्याच्या आश्रयाने टांकसाळ चालली, बंदुकीची दारूही तयार होई. १६९० मध्ये मुख्य ठाणे नागपट्टणमला गेले. १८०६ मध्ये इंग्रजांनी किल्ला सुरुंगांनी उडविला आणि १८२५ मध्ये पुलिकत कायमचे त्यांच्याकडे आले. आज तेथे झुडपांनी वेढलेला उंचवटा आणि खंदकाच्या खुणा एवढेच दिसते.

किल्ला गेला, दफनभूमी मात्र राहिली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती संरक्षित केली आहे. तिच्या प्रवेशद्वारी दोन्ही बाजूंस मानवी सांगाडे कोरलेले आहेत. आत घुमटांची थडगी आहेत. सपाट शिळांवर डच अक्षरे आणि कुलचिन्हे कोरलेली आहेत. मृत्यू सर्वांस समान करतो, असे दारावरील सांगाडे सांगतात. पण आतील दगड कूळ आणि हुद्दा यांचे स्मरण आवर्जून जपतात.

याच बंदरातून कापडाबरोबर माणसेही गेली. दुष्काळात आणि युद्धांत निराधार झालेल्यांना विकत घेऊन डच कंपनीने बटाव्हियाकडे गुलाम म्हणून धाडले. त्यांच्या नावाची एकही शिळा येथे नाही.

या व्यापारास झालेला एक स्पष्ट विरोध मराठ्यांच्या इतिहासात नोंदलेला आहे. कर्नाटकाच्या स्वारीत जिंजीचा प्रदेश हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये डचांना कौल दिला. मागील राजवटीत स्त्री-पुरुषांची गुलाम म्हणून खरेदी करण्याची जी मोकळीक होती, ती आपल्या अमलात राहणार नाही, अशी अट त्यात घातली. पुलिकत त्यांच्या राज्यात नव्हते, म्हणून त्या आज्ञेचा लाभ येथील दुर्दैवी जीवांना झाला नाही. तरीही ही प्रथा त्या काळी सर्वांनाच मान्य होती, असे म्हणण्यास त्या कौलाने जागा ठेवलेली नाही.

वास्तूंचा अभ्यास उरलेल्या दगडांवरून होतो. पुलिकतच्या बाबतीत मात्र, ज्यांच्या वाट्याला दगडही आला नाही त्यांचीही गणना त्या अभ्यासात करावी लागते.