आसेध, जामीन आणि जप्ती : कल्याणीच्या धर्मग्रंथातील एक विचार

आमचे मुडबी बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरचे गाव. त्याचा तालुका बसवकल्याण, म्हणजे पश्चिम चालुक्यांची राजधानी कल्याणी. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (इ. स. १०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ नावाची टीका रचली ती याच नगरीत. ग्रंथाच्या अखेरीस त्याने कल्याणीची आणि तिच्या राजाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. दायविभागासाठी हा ग्रंथ विख्यात आहे; इंग्रजी अमदानीत बंगालबाहेरच्या बहुतेक भारतात वारसाचे तंटे त्याच्याच आधारे तोडले गेले. परंतु त्याच्या व्यवहाराध्यायातील दुसऱ्या एका विचाराकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो विचार असा : अपराधाचा निर्णय लागेपर्यंत अपराध्याची मालमत्ता नाहीशी झाली, तर नाडलेल्या माणसाच्या हाती काय उरते?

हा प्रश्न आम्हांस पोथीतून सुचला नाही. आमच्या शाळेतील एका निवृत्त शिपायाने आपली आयुष्याची पुंजी दामदुपटीच्या आशेने एका ठेवी घेणाऱ्या मंडळीकडे ठेवली. एके दिवशी कचेरीला कुलूप लागले. फिर्याद झाली, माणसे धरली गेली. पण तोवर जमिनी आप्तेष्टांच्या नावे चढल्या होत्या आणि पेढीत शिल्लक नव्हती. ‘गुरुजी, त्यांना शिक्षा झाली तरी माझ्या मुलीच्या लग्नाचे काय?’ असे त्याने आम्हांस विचारले. त्याला देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते शोधीत आम्ही मिताक्षरेकडे वळलो.

तेथे या प्रश्नाची तीन अंगे आढळतात. पहिले अंग आसेधाचे. राजाकडे दाद मागण्यापूर्वी वा मागत असताना वादीने प्रतिवादीस राजाज्ञेने अडवून ठेवणे म्हणजे आसेध. नारदाच्या आधारे विज्ञानेश्वर त्याचे चार प्रकार सांगतो : स्थानाचा, काळाचा, प्रवासाचा आणि कर्माचा. हे स्थान सोडू नये, अमुक काळापर्यंत हलू नये, परगावी जाऊ नये, अमुक कृत्य करू नये. हा निर्बंध मुख्यतः माणसावरचा आहे, मालावरचा नव्हे, हे मान्य केले पाहिजे. मालाची काळजी दुसऱ्या अंगात, म्हणजे प्रतिभूत, येते. वादाच्या आरंभीच दोन्ही पक्षांकडून समर्थ जामीन घ्यावा, असे याज्ञवल्क्य सांगतो. हे सामर्थ्य कशासाठी, ते विज्ञानेश्वर स्पष्ट करतो : सिद्ध झालेले धन देणे आणि दंड भरणे, ही निर्णयाची दोन कार्ये पार पाडण्यासाठी. म्हणजे निकाल कोरडा राहू नये याची तजवीज निकालापूर्वीच करावयाची. ज्याला जामीन मिळत नाही त्याच्यावर पहारा बसवावा आणि पहारेकऱ्याचे वेतन त्यानेच द्यावे, असे कात्यायनाचे वचन या ठिकाणी दिले आहे.

तिसरे अंग सर्वांत मोलाचे आहे. चोराकडून प्रथम अपहृत धन परत देववावे, मग त्यास शासन करावे, हा क्रम याज्ञवल्क्याने घालून दिला. चोरीस गेलेले द्रव्य राजाने प्रजेला द्यावे. ते मिळवता आले नाही तर आपल्या कोशातून द्यावे, अन्यथा त्या पापाचा तो धनी होतो. चोराचा माग ज्या गावात जाऊन थांबतो त्या गावाने भरपाई करावी, असेही सांगितले आहे.

ही केवळ पोथीतली वचने राहिली नाहीत. मराठी राज्यात गोतसभेपुढे वाद उभा राहिला की दोन्ही पक्षांकडून राजीनामा आणि जामीनकतबा लिहून घेत. हा राजीनामा नोकरी सोडण्याचा नव्हे. तो निवाडा मानण्याच्या कबुलीचा. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ च्या ग्रंथात या पद्धतीचा विस्ताराने विचार केला आहे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात नोंदविले की, चोराचा माग गावच्या शिवेपर्यंत नेऊन पुढील गावाच्या स्वाधीन केला जाई, आणि ज्या गावात तो थांबे त्या गावावर भरपाई येई. कल्याणीतील वचन आणि दख्खनच्या पांढरीतील हा रिवाज यांत सात शतकांचे अंतर आहे. आशय मात्र एकच आहे.

इंग्रजी अमदानीत हा क्रम उलटला. गुन्हा सरकारविरुद्धचा ठरला आणि दंड सरकारजमा होऊ लागला. १८९८ च्या फौजदारी संहितेत वसूल दंडातून भरपाई देण्याची मुभा होती. पण ती शिक्षेनंतरची. दिवाणी दाव्यात निकालापूर्वी जप्तीची सोय १९०८ च्या संहितेने ठेवली. परंतु त्यासाठी वेगळा दावा आणि वेगळा खर्च. फौजदारीत निकालापूर्वी जप्ती आणली ती १९४४ च्या अध्यादेशाने, आणि तीही मुख्यतः सरकारी पैशाच्या अपहारासाठी. सरकारने प्रथम राखली ती स्वतःची तिजोरी! आमचा भाग तर त्या वेळी निजामाच्या राज्यात होता.

महाराष्ट्रातील सामान्य ठेवीदाराची पाळी १९९९ साली आली. त्या वर्षीच्या महाराष्ट्राच्या ठेवीदार संरक्षण कायद्याने ठेव बुडविणाऱ्या संस्थेची, तिच्या चालकांची आणि कपटाने माल आपल्या नावे करून घेणाऱ्यांचीही मालमत्ता खटल्यापूर्वी जप्त करण्याचा अधिकार शासनास दिला. कर्नाटकाने २००४ साली तसाच कायदा केला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली महाराष्ट्राचा कायदा घटनाबाह्य ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तमिळनाडूचा तसाच कायदा उचलून धरला आणि पुढे महाराष्ट्राचाही पुनरुज्जीवित केला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०७ व्या कलमान्वये गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता न्यायालय जप्त करू शकते, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्याने ती साठ दिवसांत पीडितांना प्रमाणशीर वाटून द्यावयाची असते. ‘आधी धन, मग दंड’ हा क्रम असा पुन्हा कायद्यात आला.

तथापि येथे थांबणे बरे. ज्याचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही त्याचे घरदार अडकविणे ही लहान गोष्ट नव्हे. चुकीच्या जप्तीने निरपराध कुटुंब उघड्यावर येऊ शकते; आणि वाटून टाकलेले धन आरोपी निर्दोष ठरल्यास परत कोठून आणावयाचे? आमच्या मते प्राचीनांचे खरे शहाणपण याच ठिकाणी दिसते. जामीन दोन्ही पक्षांकडून घ्यावयाचा होता, एकट्या प्रतिवादीकडून नव्हे. अन्यायाने आसेध करणारा स्वतः दंडास पात्र ठरे. पेरणीच्या वेळी शेतकऱ्यास, गुरे चारीत असता गुराख्यास, काम हाती असता कारागिरास अडवू नये, असे नारदवचन विज्ञानेश्वराने जपून उद्धृत केले आहे. ज्याला अडवावयाचे त्याचे पोटही चालले पाहिजे, ही जाणीव त्यात आहे. आजच्या कायद्यात नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी आहे. परंतु खोटी जप्ती मागणाऱ्यावर जबाबदारी टाकणारा तो जुना समतोल अधिक ठळक व्हावयास हवा.

अखेर शिक्षकबंधूंस एक विनंती. आपापल्या गावच्या पाटील-कुळकर्ण्यांच्या दप्तरांत जामीनकतबे आणि निवाडपत्रे अद्याप पडून असतील. वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी त्यांच्या नकला करून परिषदेकडे पाठवाव्यात. आमच्या शिपायाचा अर्ज आम्ही स्वतः लिहून जिल्ह्याच्या ठिकाणी दिला आहे. त्याला त्याचे पैसे मिळतील की नाही, हे आम्हांस सांगता येत नाही. परंतु त्याने विचारलेला प्रश्न नऊ शतकांपूर्वी, त्याच्या गावच्याच तालुक्यात, एका विद्वानाने गंभीरपणे विचारात घेतला होता, एवढे आम्ही त्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, ‘मग तेव्हाच्या लोकांना तरी ते मिळत असतील.’ त्या ‘तरी’चे उत्तर जुन्या दप्तरांतून आपणांसच शोधावयाचे आहे.