स्वस्त संगणक आणि आपली मुले : शंभर डॉलरच्या लॅपटॉपपासून आजच्या टॅबपर्यंत

गरीब मुलांच्या हातात स्वस्त संगणक द्या, बाकीचे शिक्षण ती स्वतः करून घेतील, ही कल्पना गेल्या वीस वर्षांत जगभर फिरली. तिच्यासाठी अनेक देशांनी कोट्यवधी रुपये खर्च केले. मानवतसारख्या तालुक्याच्या गावात आज हाच प्रश्न घराघरांत आहे. दहावीच्या मुलीला टॅब घ्यावा का? जुना लॅपटॉप चालेल का? की घरातला एक मोबाइल पुरे? वालिदैन शाळेत येतात तेव्हा आम्हा शिक्षकांना हे हमखास विचारतात. उत्तर देण्याआधी हा प्रयोग जिथे जिथे झाला तिथे काय घडले, ते पाहू या.

कल्पना कुठली?

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड', म्हणजे 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप', ही योजना जाहीर केली. लॅपटॉपची किंमत शंभर डॉलर ठेवायची, म्हणजे त्या वेळचे साधारण साडेचार हजार रुपये, असे ठरले होते. तयार झालेल्या यंत्राचे नाव एक्सओ. हिरवा-पांढरा रंग, साडेसात इंची पडदा, वजन दीड किलोच्या आत. पडदा भर उन्हातही वाचता येई. बटणांवर रबराचे आवरण असल्याने धूळ-पाणी आत जात नसे. वीज अगदी कमी लागे आणि जवळजवळची यंत्रे इंटरनेटशिवाय एकमेकांना जोडली जात. खेड्यातल्या मुलासाठी मुद्दाम बनवलेले असे यंत्र आधी कोणी केले नव्हते. पण शंभर डॉलरचा शब्द काही पाळता आला नाही. २००७ मध्ये मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले तेव्हा एका यंत्राची किंमत दोनशे डॉलरच्या घरात गेली होती.

महाराष्ट्रातील प्रयोग

भारतातला या लॅपटॉपचा पहिला प्रयोग आपल्याच राज्यात झाला. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात धनगरवाडा येथील प्राथमिक शाळेत प्रत्येक मुलाला एक्सओ दिला गेला. शाळा लहान, पहिली ते चौथीची. मुले वीस-बावीस आणि शिक्षक एकच. सुरुवातीचे काही आठवडे प्रकल्पाची माणसे शिक्षकांच्या सोबत राहिली. मुले त्यावर चित्रे काढत, फोटो घेत, लिहीत आणि यंत्र घरी नेत. ज्या घरात संगणक कोणी पाहिलाही नव्हता तिथे तो चुलीजवळ पोहोचला.

पण ही योजना राज्यभर पसरली नाही. केंद्र सरकारने २००६ मध्येच तिला नकार दिला होता. मुलांना आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, आणि अशा यंत्राने शिक्षण सुधारते हे सिद्ध झालेले नाही, असे शिक्षण खात्याचे म्हणणे होते. तेव्हा अनेकांना ही भूमिका जुनाट वाटली. पुढे इतर देशांचे अनुभव आले तेव्हा तिच्यातले तथ्य दिसले.

पेरू आणि उरुग्वे

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या गणित व भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. तर्क आणि आकृतिबंधाच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, इतकेच. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि लॅपटॉप धड्यात कसा वापरायचा, याची तयारी शिक्षकांकडून पुरेशी करून घेतलेली नव्हती.

त्याच खंडातील उरुग्वेने २००७ मध्ये 'प्लान सेइबाल' सुरू केले आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. सोबत शाळांना इंटरनेट जोडले आणि दुरुस्तीची व्यवस्था उभी केली. गरीब आणि श्रीमंत घरांतली संगणकाची दरी त्यामुळे खरोखरच कमी झाली. पण वाचन आणि गणिताचे गुण केवळ लॅपटॉपने तिथेही वाढले नाहीत. मग त्यांनी २०१२ पासून पडद्यावरून प्रत्यक्ष शिक्षकाकडून इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. शिकवणारा अनेकदा परदेशात बसलेला, वर्गशिक्षक मुलांसोबत वर्गात. म्हणजे यंत्र देऊन झाल्यावरही शेवटी शिक्षकाकडेच यावे लागले.

आपला 'आकाश'

भारत सरकारने एक्सओ नाकारला, पण स्वस्त यंत्राचा नाद सोडला नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' टॅबलेट जाहीर झाला. सात इंची पडदा, सरकारची खरेदी किंमत सुमारे २२५० रुपये. पडदा जोरात दाबावा लागे, वेग कमी होता आणि बॅटरी लवकर उतरे. नंतर हे काम आयआयटी मुंबईकडे आले आणि सुधारित 'आकाश २' ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या जयंतीला, राष्ट्रीय शिक्षण दिनी सादर झाला. यंत्र बरे झाले, पण तोवर बाजारात चांगले मोबाइल स्वस्त मिळू लागले होते. काही वर्षांत आकाशचे नाव मागे पडले.

आता यंत्र घरात आहे, मग?

जे काम सरकारी योजनेला जमले नाही ते बाजाराने केले. 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२१ मध्ये हे प्रमाण ६७.६ टक्के झाले. पण त्याच २०२१ च्या पाहणीत, घरी फोन असूनही चारपैकी एका मुलाला तो अभ्यासासाठी मिळत नव्हता.

२०२४ ची पाहणी आणखी बोलकी आहे. १४ ते १६ वयाची जवळपास ९० टक्के मुले ज्या घरात राहतात तिथे स्मार्टफोन आहे. आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचे ५७ टक्के मुलांनी सांगितले, तर सोशल मीडियासाठी वापरणारी मुले ७६ टक्के होती. फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन ३६.२ टक्के मुलग्यांकडे होता आणि मुलींपैकी २६.९ टक्के जणींकडेच. आपल्या मोहल्ल्यातही वेगळे चित्र नाही. घरात एकच फोन असेल तर तो आधी वडिलांबरोबर मोंढ्यात जातो, संध्याकाळी भावाच्या हातात येतो. बहिणीची पाळी लागते तोवर डेटा संपलेला असतो. निकालात मात्र आपल्या मुली पुढे असतात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

मोफत काय मिळते?

नागपूरची 'महाज्योती' ही राज्य सरकारची संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीच्या ऑनलाइन तयारीसाठी टॅब आणि इंटरनेट डेटा देत आली आहे. ही योजना दहावीनंतर विज्ञान शाखेत जाणाऱ्यांसाठी आहे. बागवान, मोमीन-अन्सारी, पिंजारी-मन्सुरी, कुरेशी, मण्यार, अत्तार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. 'हे आपल्यासाठी नाही' असे समजून कित्येक घरे अर्जच करत नाहीत. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि रहिवासी प्रमाणपत्र तहसीलमधून मिळायला वेळ लागतो. म्हणून निकालाची वाट न पाहता नववीतच कामाला लागावे. अटी दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात.

बालभारतीची पुस्तके मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांत पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' संगणकाचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत देते आणि ते उतरवून ठेवले तर इंटरनेटशिवायही चालतात. उर्दू टायपिंग आणि डीटीपी शिकायचे असेल तर राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा एक वर्षाचा संगणक पदविका अभ्यासक्रम देशभरातील केंद्रांत चालतो.

पैसे घालण्यापूर्वी

या सगळ्या अनुभवावरून वालिदैनना आमचे सांगणे असे :

१. आधी काम ठरवा, मग यंत्र घ्या. व्हिडिओ आणि पुस्तके पाहायला टॅब पुरतो. टायपिंग, हिशेब, कोडिंग शिकायचे असेल तर कीबोर्ड असलेला, वापरलेला का होईना, लॅपटॉप बरा.

२. वापरलेला लॅपटॉप घेताना बॅटरी किती टिकते ते दुकानातच अर्धा तास चालवून बघा. पक्के बिल घ्या. दुरुस्ती मानवत किंवा परभणीत होते का, ते विचारा.

३. आठवड्याचे वेळापत्रक भिंतीवर लावा आणि त्यात मुलीची वेळ आधी लिहा. लाइट नसण्याची वेळ धरूनच ते आखा.

४. मुलाने आज काय शिकले ते रोज दहा मिनिटे त्याच्याकडून ऐका. आपल्याला संगणक येत नसला तरी चालेल. मूल समजावून सांगू शकले तर ते शिकले.

५. एकट्याला परवडत नसेल तर चार घरांनी मिळून एक संगणक घ्या. मोहल्ल्यातल्या वाचनालयात किंवा मदरशाच्या खोलीत तो ठेवा आणि एखाद्या कॉलेजच्या मुला-मुलीला तासभर बसायला सांगा. जकात-सदक्यातून गरजू मुलांच्या फीला मदत करणारे लोक आपल्या गावात आहेत. ते दहावी-बारावीच्या मुलांसाठी अशा खोलीचा विचार करू शकतात, मात्र कोणत्या पैशातून काय करता येते, ते आधी आलिमांना विचारून घ्यावे.

दहावीचा निकाल लागल्यावर तहसीलसमोर दाखल्यांसाठी रांगा लागतात. ज्यांच्या मुली यंदा नववीत आहेत त्यांनी या आठवड्यातच जातीच्या दाखल्याची फाइल काढून बघावी. एखादा कागद कमी असेल तर तो मिळवायला अजून वर्ष हातात आहे.