एलडॅप प्रमाणीकरण

एलडॅप प्रमाणीकरण म्हणजे वेब ॲप्लिकेशनने वापरकर्त्याची ओळख स्वतःच्या नोंदींवरून न पडताळता संस्थेच्या मध्यवर्ती निर्देशिकेकडून पडताळून घेण्याची पद्धत होय. एलडॅप हे लाइटवेट डिरेक्टरी ॲक्सेस प्रोटोकॉल या नावाचे लघुरूप आहे. या पद्धतीमुळे एकाच सदस्यनावाने व परवलीच्या शब्दाने ईमेल, ग्रंथालय, परीक्षा इत्यादी निरनिराळ्या प्रणाली वापरता येतात. व्यक्ती संस्था सोडून गेल्यास तिचे खाते एकाच ठिकाणी बंद करणे पुरेसे व्हावे, हा या पद्धतीचा मुख्य हेतू आहे. जोडणी सदोष असल्यास मात्र हा हेतू साधत नाही.

== इतिहास ==
१९८८ साली एक्स.५०० ही निर्देशिकांविषयीची आंतरराष्ट्रीय मानकमालिका प्रसिद्ध झाली. तिच्यातील मूळ प्रोटोकॉल त्या काळच्या लहान संगणकांना पेलण्यासारखा नव्हता. त्याला सुटसुटीत पर्याय म्हणून टिम हाउझ, स्टीव्ह किल व वेंगयिक योंग यांनी एलडॅपची रचना केली. त्याचे पहिले वर्णन १९९३ साली प्रसिद्ध झाले. मिशिगन विद्यापीठात त्याचा सर्व्हर विकसित झाला. तिसरी आवृत्ती १९९७ साली आली व २००६ साली तिचे सुधारित मानक प्रसिद्ध झाले. ओपनएलडॅप हा मुक्तस्रोत प्रकल्प १९९८ साली सुरू झाला, तर मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० सोबत आली.

== निर्देशिकेची रचना ==
निर्देशिकेतील नोंदी वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे रचलेल्या असतात. मुळाशी संस्था, तिच्याखाली विभाग व विभागाखाली व्यक्ती अशी सामान्यतः मांडणी असते. प्रत्येक नोंदीला वृक्षातील तिचे स्थान दाखवणारे एकमेव पूर्ण नाव असते. व्यक्तीचे नाव, ईमेल, दूरध्वनी क्रमांक इत्यादी माहिती गुणधर्मांच्या रूपात साठवली जाते. तिसऱ्या आवृत्तीत यूटीएफ-८ ही संकेतपद्धती स्वीकारलेली असल्याने व्यक्तीचे नाव देवनागरीतही साठवता येते.

== पडताळणीची प्रक्रिया ==
'आधी शोध, मग बाइंड' ही रीत सर्वाधिक प्रचलित आहे. निर्देशिकेपुढे आपली ओळख सिद्ध करण्याच्या क्रियेला बाइंड म्हणतात.

# ॲप्लिकेशन केवळ वाचनाचा अधिकार असलेल्या सेवाखात्याने निर्देशिकेशी जोडले जाते.
# वापरकर्त्याने दिलेल्या सदस्यनावाची नोंद शोधली जाते. नेमकी एकच नोंद सापडली नाही, तर प्रवेश नाकारला जातो.
# सापडलेल्या नोंदीचे पूर्ण नाव व वापरकर्त्याने दिलेला परवलीचा शब्द वापरून दुसरा बाइंड केला जातो.
# तो यशस्वी झाल्यास प्रवेश मिळतो. परवलीचा शब्द चुकल्यास सर्व्हर सामान्यतः ४९ हा त्रुटिक्रमांक पाठवतो.

बाइंडमुळे त्या जोडणीची ओळख बदलते. म्हणून दुसऱ्या बाइंडसाठी स्वतंत्र जोडणी वापरतात. परवलीचा शब्द ॲप्लिकेशनने साठवून ठेवण्याची आवश्यकता नसते.

== सुरक्षितता ==
'''रिकामा परवलीचा शब्द:''' पूर्ण नाव दिलेले, पण परवलीचा शब्द रिकामा असलेला बाइंड काही सर्व्हर यशस्वी ठरवतात व त्या जोडणीला अनामिक दर्जा देतात. येथे कोणाचीही ओळख सिद्ध झालेली नसते. ॲप्लिकेशनने केवळ 'यश' एवढेच उत्तर पाहिले, तर दुसऱ्याचे सदस्यनाव लिहून व परवलीची चौकट रिकामी सोडून त्याच्या खात्यात शिरता येते. म्हणून रिकामा शब्द निर्देशिकेकडे न पाठवता ॲप्लिकेशननेच नाकारणे आवश्यक आहे.

'''विशेष चिन्हे:''' शोधाच्या अटीत तारकाचिन्हाचा अर्थ 'काहीही' असा होतो, तर कंसांनी अटीची रचनाच बदलू शकते. म्हणून सदस्यनावातील अशी चिन्हे मानकात सांगितलेल्या सांकेतिक रूपात बदलूनच शोध घेतला जातो.

'''उघडी जोडणी:''' साध्या बाइंडमध्ये परवलीचा शब्द जसाच्या तसा पाठवला जातो. त्यामुळे टीएलएस संरक्षण आवश्यक ठरते. ते ३८९ क्रमांकाच्या पोर्टवर स्टार्टटीएलएस आदेशाने किंवा ६३६ क्रमांकाच्या पोर्टवर आरंभापासून मिळते. सर्व्हरचे प्रमाणपत्र न तपासल्यास हे संरक्षण अपुरे राहते.

== ओळख व अधिकार ==
बाइंड यशस्वी झाल्याने व्यक्ती कोण आहे, एवढेच सिद्ध होते. तिला काय करता येईल, हे ॲप्लिकेशनला ठरवावे लागते. त्यासाठी निर्देशिकेतील गटांचा आधार घेतात. उदाहरणार्थ, गुण नोंदवण्याचा अधिकार केवळ शिक्षकांच्या गटाला दिला जातो.

सदस्यनाव कालांतराने बदलू शकते किंवा दुसऱ्या व्यक्तीला दिले जाऊ शकते. ॲप्लिकेशनने जुन्या नोंदी सदस्यनावाशीच जोडल्या असतील, तर एका विद्यार्थ्याची माहिती पुढे दुसऱ्याच्या हाती पडण्याचा धोका असतो. म्हणून ओपनएलडॅपमधील एंट्रीयूयूआयडी किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील ऑब्जेक्टजीयूआयडी यांसारखा स्थिर ओळखक्रमांक वापरणे योग्य मानले जाते.

== मर्यादा ==
निर्देशिकेत खाते बंद केल्याने ॲप्लिकेशनमध्ये आधीच सुरू असलेले सत्र आपोआप संपत नाही. त्यासाठी सत्राला कालमर्यादा घालावी लागते किंवा खात्याची स्थिती वेळोवेळी तपासावी लागते. निर्देशिका बंद पडल्यास सर्वच प्रणालींतील नवे प्रवेश थांबतात. म्हणून मोठ्या संस्था तिच्या एकाहून अधिक प्रती चालू ठेवतात.

शिवाय, या पद्धतीत परवलीचा शब्द प्रत्येक ॲप्लिकेशनच्या हातून जातो. सॅमल व ओपनआयडी कनेक्ट या पद्धतींत तो सामान्यतः केवळ ओळख पटवणाऱ्या सेवेलाच दिला जातो व ॲप्लिकेशनला तिची स्वाक्षरी असलेली ग्वाही मिळते. अशा सेवांच्या मागेही अनेकदा एलडॅप निर्देशिकाच असते.

== हेही पहा ==
* ॲक्टिव्ह डिरेक्टरी
* ओपनएलडॅप
* कर्बरॉस
* ओपनआयडी कनेक्ट